जिमर फ्रेडेट: कोण होता, चीनला का गेला, फ्लॉप होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्केटबॉलचा विषय निघाला आणि मी जिमरचं नाव घेतलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. क्रम साधारण लोक विचारतात तसाच ठेवलाय, त्यामुळे मधेच मागे-पुढे होईल, चालवून घ्या.

जिमर फ्रेडेट नक्की कोण?

पूर्ण नाव जेम्स टाफ्ट फ्रेडेट. जन्म २५ फेब्रुवारी १९८९, गाव ग्लेन्स फॉल्स, राज्य न्यूयॉर्क. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच बिल्डिंगा आठवतात पण हे पार वर, डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव आहे. उंची ६ फूट २ इंच. म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या ग्रुप फोटोत त्याला मागच्या रांगेत उभं करतील, पण एनबीएमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग) हीच उंची बुटकी धरतात. पोझिशन गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारा, खेळ चालवणारा. यूटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीकडून (पुढे सगळीकडे बीवायू लिहितो) २००७ ते २०११ खेळला, शेवटच्या वर्षी देशातला बेस्ट कॉलेज प्लेयर ठरला, मग एनबीए, मग चीन, ग्रीस, परत चीन आणि शेवटी ३x३ (तीन विरुद्ध तीनचा खेळ) मधून थेट पॅरिस ऑलिम्पिक.

जिमर हे खरं नाव की टोपणनाव?

टोपणनावच, आईने ठेवलेलं. जेम्सचा जिमी किंवा जिम तर गल्लोगल्ली सापडतो, तिला काहीतरी वेगळं हवं होतं. पुढे २०११ मध्ये या नावाचं चक्क क्रियापद झालं, एखाद्या टीमला याने धुतलं की लोक म्हणायचे ती टीम ‘जिमर्ड’ झाली.

तो जेलमध्ये जाऊन खेळायचा हे खरं का?

खरंय, पण कैदी म्हणून नाही हो! त्याचा मोठा भाऊ टीजे, त्याच्या डोक्यातली ही आयडिया. शाळकरी वयातल्या जिमरला तो आसपासच्या तुरुंगांत घेऊन जायचा आणि कैद्यांच्या टीमविरुद्ध मॅच लावायचा. कोर्टाच्या चारी बाजूंनी कैदी उभे, प्रत्येकजण काही ना काही ओरडतोय, आणि मधे हा गोरागोमटा पोरगा. हेतू एवढाच की याच्यानंतर कुठल्याही स्टेडियममधल्या गोंगाटाची भीती वाटू नये. दुसरी प्रॅक्टिस चर्चमध्ये, अंधाऱ्या बोळातून बॉल टप्पे मारत न्यायचा आणि टीजे कुठल्या दारातून अंगावर उडी मारेल ते माहीत नसायचं. आणि २००७ मध्ये या भावानेच त्याच्याकडून एका कागदावर लेखी करार करून घेतला, की एनबीएपर्यंत पोचायला लागेल ती मेहनत मी करीन, खाली सही. तो कागद पलंगाच्या वर भिंतीला लावलेला होता. आपल्याकडे दहावीच्या पोराच्या टेबलासमोर ‘९५%’ लिहून चिकटवतात, त्याच जातकुळीतलं.

कॉलेजला एवढं काय केलं की लोक अजून नाव काढतात?

आकडे बघा. पहिल्या वर्षी मॅचमागे ७ पॉइंट, दुसऱ्या वर्षी १६.२, तिसऱ्या वर्षी २२.१ आणि शेवटच्या वर्षी २८.९, तेव्हा अख्ख्या देशात पहिला. चार वर्षांची बेरीज २,५९९. डिसेंबर २००९ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या घरी जाऊन त्यांना ४९ मारले. जानेवारी २०११ मध्ये तोपर्यंत एकही मॅच न हरलेल्या सॅन डिएगो स्टेटला ४३ मारून हरवलं, त्या टीममध्ये कवाय लेनर्ड होता, हो तोच, पुढे एनबीएचा मोठा स्टार झालेला. मग मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) सेमीफायनलला न्यू मेक्सिकोविरुद्ध ५२.

पण नुसत्या आकड्यांवरून लोक वेडे का झाले ते कळणार नाही. त्याचा शॉट बघायला लागतो. हाफ कोर्टची रेघ ओलांडून तो निवांत चालत आल्यासारखा यायचा, खांदे सैल, डिफेंडर दोन पावलं मागे, कारण एवढ्या लांबून कोण मारणार. मग एक टप्पा जरा हळू टाकायचा, जणू थांबून पास कुणाला देऊ बघतोय, डिफेंडरचे गुडघे सरळ झाले रे झाले की त्याच क्षणी बॉल वर. उडी फार मारायचाच नाही. आणि डिफेंडर पुढच्या वेळी अंगाला चिकटला की त्याच हळू टप्प्यावरून बाजूने सुळकन आत. आज स्टेफ करीमुळे आपल्याला लांबचे शॉट रोजचे झालेत, २०११ मध्ये हे बघून कोच लोक डोक्याला हात लावायचे, आणि बॉल गेला की गप्प.

मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होतो. मॅच आपल्याकडे पहाटे, नेटची बोंब, स्ट्रीम दर दीड मिनिटाला अडकायची. मला आठवतंय, शॉट हवेत असताना चित्र गोठलं आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो, चालू झालं तेव्हा समोरची टीम बॉल घेऊन निघालेली आणि स्कोअर तीनने वाढलेला. असे किती शॉट आम्ही फक्त स्कोअरबोर्डवर बघितले.

मग कॉलेजची चॅम्पियनशिप जिंकला का?

नाही. त्या वर्षी टीम देशात टॉप पाचात होती, पण मार्चच्या सुरुवातीला ब्रँडन डेव्हिस या त्यांच्या मेन उंच प्लेयरला युनिव्हर्सिटीने सस्पेंड केलं. बीवायू मॉर्मन चर्चची आहे आणि तिथे आचारसंहिता कडक, दारू नाही, चहा-कॉफी नाही, रविवारी मॅच नाही. नियम मोडला म्हणून ऐन स्पर्धेच्या तोंडावर पोराला बाहेर बसवणारं कॉलेज अमेरिकेत सापडणं कठीण, त्याबद्दल त्यांना मानायला हवं, पण टीमचं कंबरडं मोडलं. शेवटच्या सोळात फ्लोरिडाशी ओव्हरटाइममध्ये ७४-८३ ने हरले. जिमरने ३२ मारले पण त्यासाठी शॉट घेतले २९. थकलेला दिसत होता, दुसरं कोण मारणारच नव्हतं.

एनबीएत काय बिघडलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि ‘डिफेन्स येत नव्हता’ एवढं बोलून लोक मोकळे होतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

२०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात ते) १० व्या नंबरवर मिलवॉकीने घेतलं आणि तीन टीमच्या ट्रेडमधून, म्हणजे अदलाबदलीतून, त्याच रात्री तो सॅक्रमेंटो किंग्जकडे गेला. ११ वा होता क्ले थॉम्पसन, १५ वा कवाय लेनर्ड, दोघंही पुढे मोठे स्टार. झालं, ही तुलना आयुष्यभर पाठीमागे लागली. त्यात त्या वर्षी लीगमध्ये मालक-खेळाडू भांडण होऊन लॉकआउट होता, सीझन २५ डिसेंबरला सुरू झाला, ८२ च्या जागी ६६ मॅच, नव्या पोरांना समर लीग नाही, धड कॅम्प नाही. पहिल्या ७ मॅचनंतर कोच पॉल वेस्टफालला काढलं, मग कीथ स्मार्ट, मग २०१३ पासून मायकल मलोन. अडीच-तीन वर्षांत तीन कोच.

पण माझ्या मते खरी गोम बॉल कोणाच्या हातात हीच. जिमरचा सगळा खेळ बॉल हातात असण्यावर उभा. तो हळू टप्पा, ते फसवणं, हे सगळं बॉल तुमच्याकडे असेल तर. किंग्जमध्ये टायरीक इव्हान्सला बॉल हवा, मार्कस थॉर्नटनला हवा, डिमार्कस कझिन्सला आत हवा, आणि वर ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या ६० व्या नंबरवर आलेला ५ फूट ९ इंचाचा आयझेया थॉमस, त्याने तर जिमरची जागाच खाल्ली. मग जिमरने कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघायची. तेही त्याने नीट केलं बरं का, २०१२-१३ मध्ये लांबचे, तीन पॉइंटवाले शॉट ४० टक्क्यांच्या वर मारले, पुढच्या वर्षी किंग्जकडे असेपर्यंत जवळजवळ निम्मे. पण कोपऱ्यात उभं राहणाऱ्याने समोरच्याला अडवायलाही लागतं आणि तिथे त्याचे पाय कमी पडायचे. जो बॉल चालवणार नाही आणि अडवणारही नाही त्याला कोच किती मिनिटं देणार?

त्याचा मराठी माणसाशी काय संबंध होता म्हणे?

संबंध म्हणजे मालक-नोकराचा! मे २०१३ मध्ये किंग्ज टीम विकत घेतली विवेक रणदिवे यांनी. मुंबईत वाढलेले, टिबको कंपनीवाले. म्हणजे जिमरच्या सॅक्रमेंटोमधल्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत त्याच्या टीमचे बॉस आपले रणदिवे होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बायआउट करून, म्हणजे पैशाची तडजोड करून कॉन्ट्रॅक्ट मधेच संपवून, टीमने त्याला मोकळं केलं. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवेंनी किंग्जना मुंबईत आणलं, वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन मॅच झाल्या, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच. जिमर तेव्हा अथेन्सला होता. थोडक्यात हुकला माझा माणूस.

किंग्जनंतर लगेच चीनला गेला का?

नाही नाही, आधी बरीच फरफट झाली. शिकागो बुल्स, न्यू ऑर्लिन्स पेलिकन्स, सॅन अँटोनियोचा कॅम्प, परत थोडे दिवस पेलिकन्स. मग २०१५-१६ मध्ये डी-लीग, म्हणजे एनबीएची खालची लीग, वेस्टचेस्टर निक्सकडून. तिथे ऑल-स्टार मॅचचा एमव्हीपी (बेस्ट प्लेयर) झाला, त्यावर न्यूयॉर्क निक्सने १० दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. १० दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट हा काय प्रकार आहे ते ज्याने हंगामी नोकरी केलीये त्याला वेगळं सांगायला नको, बॅग उघडायची की नाही हाच प्रश्न.

आणि पगार? तेव्हा डी-लीगमध्ये सगळ्यात वरच्या ग्रेडलाही वर्षाला साधारण २५ हजार डॉलर. अमेरिकेत त्यात घरभाडं निघतं, बाकी काय राहतं तुम्हीच बघा.

शांघायला काय झालं?

ऑगस्ट २०१६ मध्ये शांघाय शार्क्सने बोलावलं. मालक याओ मिंग, साडेसात फुटी तो, जो याच क्लबमधून खेळून २००२ मध्ये ह्यूस्टनला पहिल्या नंबरवर गेला आणि २००९ मध्ये क्लबच विकत घेतला. चिनी लीगमध्ये परदेशी खेळाडू मोजकेच ठेवता येतात आणि ते कोर्टावर किती वेळ राहतील यावरही बंधन असतं, त्यामुळे तुमच्या पैशाने आणलेला अमेरिकन जेवढा वेळ कोर्टावर तेवढा वेळ बॉल त्याच्याच हातात. जिमरला दुसरं काय पाहिजे?

पहिल्याच सीझनला मॅचमागे ३७.६ पॉइंट आणि परदेशी खेळाडूंमधला एमव्हीपी. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका मॅचला ७३. नोव्हेंबर २०१८ मध्ये ७५. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे दोन्ही मॅच शांघाय हरलं, ७५ वाली तर एका पॉइंटने! मी कामावर होतो, फोनवर आकडा बघितला आणि आधी वाटलं टीमचा स्कोअर असेल.

चिनी फॅन्सनी त्याला नाव ठेवलं ‘जिमो दाशेन’. जिमो म्हणजे एकटा, एकाकी, आणि ऐकायला जिमरसारखं. दाशेन म्हणजे मोठा देव. एकटा देव. ७५ मारून हरणाऱ्या माणसाला याहून चपखल नाव मिळणं अवघड, हे ज्याने कोणी शोधलं त्याला माझा नमस्कार.

परदेशात खेळायला जायचं म्हणजे नक्की कसं असतं, पैसे मिळतात का?

सगळ्यांना जिमरएवढे नाही. दरवर्षी अमेरिकेत हजारो पोरं कॉलेज संपवून बाहेर पडतात आणि एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे जेमतेम ६० जागा, त्यातही आता युरोपची पोरं येतात. बाकीच्यांनी करायचं काय? मग तुर्कस्तान, इस्रायल, स्पेन, इटली, चीन, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया. एजंट क्लब शोधतो. युरोपात बोली बहुतेक वेळा टॅक्स वगळून हातात येणाऱ्या रकमेची होते, वर फ्लॅट, बऱ्याचदा गाडी, येण्याजाण्याची तिकिटं. एका देशाच्या लीगमधून दुसरीकडे जायचं तर आधीच्या देशाच्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र लागतं, आपल्या एनओसीसारखं. सीझन आठ-नऊ महिन्यांचा, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बायको-पोरं एकीकडे आणि तुम्ही एकीकडे, नाहीतर सगळं बिऱ्हाड पाठीवर.

छोट्या क्लबांमध्ये पगार थकणं हे तर इतकं नेहमीचं की २००७ मध्ये फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) त्यासाठी वेगळा लवाद काढला. परदेशी खेळाडूला टीम दोन मॅच हरली तरी घरी पाठवतात, कारण हरल्यावर पहिलं बोट त्याच्याकडे. जिमर भाग्यवान, त्याचं नाव आधीच मोठं होतं.

चीन संपल्यावर परत एनबीएत आला होता ना?

हो, मार्च २०१९. चिनी लीग लवकर संपते, त्यामुळे तिकडचे लोक एनबीएच्या शेवटच्या महिन्यात येऊ शकतात. फिनिक्स सन्सने घेतलं. आणि दुसरीच मॅच कुठे? यूटामध्ये, सॉल्ट लेक सिटी, बीवायूपासून तासाभरावर. समोरच्या टीमचं पब्लिक, त्यांची टीम धुलाई करतेय, आणि हे ओरडतायत काय तर जिमरला आत घ्या, जिमरला आत घ्या! आत आला आणि १० पैकी १ शॉट गेला. त्याच मॅचला सन्सच्या डेव्हिन बुकरने ५९ मारले आणि तरी सन्स ३३ ने हरले, म्हणजे जिमरऐवजी दुसऱ्याच एकट्या देवाचा प्रयोग तिथे बघायला मिळाला. एकूण ६ मॅच, मग सन्सने कॉन्ट्रॅक्ट पुढे नेलं नाही. मला ते १० पैकी १ बघवलं नव्हतं, खरं सांगतो, प्रत्येक शॉटला पब्लिक आधीच उभं राहत होतं.

युरोपात चालला का? चिनी लीग तर सोपी म्हणतात.

म्हणतात, आणि थोडं तथ्य आहे. म्हणूनच २०१९-२० चा ग्रीसचा सीझन मला महत्त्वाचा वाटतो. पनाथिनाइकोस, अथेन्स, तोपर्यंत सहा वेळा युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकलेला क्लब, पब्लिक म्हणजे आपल्या डर्बीला लाजवेल असं, भोंगे, धूर, सगळं. युरोपातला खेळ जिमरसारख्याला अवघड जायला हवा. मॅच ४० मिनिटांची, बॉल भराभर फिरवायचा, आणि एनबीएत उंच डिफेंडरला कुणाला न धरता बास्केटखाली तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही तो नियमच इथे नाही, त्यामुळे आत घुसलात की खांब उभाच. टीमचा पॉइंट गार्ड होता निक कलाथिस, बॉल बहुतेक त्याच्याकडे.

तरी जिमरने युरोलीगमध्ये मॅचमागे तेराच्या आसपास मारले. तीन पॉइंटची रेघ युरोपात ६.७५ मीटरवर, एनबीएत ७.२४, पण त्याला रेघेचं काय. नोव्हेंबरमध्ये रिक पिटिनो कोच म्हणून आले, अमेरिकन कॉलेजमधलं मोठं प्रस्थ. मग मार्च २०२० ला कोविड. युरोलीग अर्ध्यातच रद्द, ग्रीक लीगही थांबवली आणि पनाथिनाइकोसला चॅम्पियन जाहीर केलं. ट्रॉफी आली पण कशी आली बघा.

एक योगायोग सांगायचा राहिला. ज्या ब्रँडन डेव्हिसला २०११ मध्ये कॉलेजने बाहेर बसवलं तो या २०१९-२० च्या सीझनला त्याच युरोलीगमध्ये बार्सिलोनाकडून खेळत होता. एका टीमच्या दोन पोरांची स्वप्नं एनबीएची, आणि पोट भरलं ते युरोपने.

नंतर परत शांघाय?

हो, २०२०-२१, कोविडचा सीझन. बराचसा एकाच शहरात सगळ्या टीम कोंडून खेळवला. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तो घरी आला आणि आम्हाला वाटलं संपलं.

३x३ म्हणजे काय आणि हा तिथे कसा पोचला?

अर्ध्या कोर्टवर, एकच बास्केट, तीन विरुद्ध तीन आणि बाहेर एक बदली, बस. रेघेच्या आतून १, बाहेरून २. दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, जे आधी होईल ते. शॉट घ्यायला फक्त १२ सेकंद. कोचला बेंचवर बसायला परवानगी नाही, पोरांनी आपापलं बघायचं. आता विचार करा, लांबून मारलेल्याला दुप्पट किंमत आणि तीनच जण असल्याने बॉल सारखा हातात. हा खेळ जणू जिमरला मापून शिवलाय!

२०२२ पासून अमेरिकेच्या ३x३ टीममध्ये, त्याच वर्षी अमेरिकप (अमेरिका खंडातल्या देशांची स्पर्धा) गोल्ड, २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या वर्ल्ड कपला सिल्व्हर (सर्बियाकडून हरले), मग सँटियागोला पॅन अ‍ॅम (पॅन अमेरिकन गेम्स) गोल्ड. सोबत कॅन्यन बॅरी (एनबीएचा जुना स्टार रिक बॅरी, त्याचा मुलगा), करीम मॅडॉक्स, डिलन ट्रॅव्हिस. टोकियोला अमेरिकेची पुरुष टीम क्वालिफायच झाली नव्हती, यांनी पॅरिसचं तिकीट काढलं.

ऑलिम्पिकला मेडल?

नाही. ३५ व्या वर्षी, प्लेस द ला काँकॉर्डमधल्या उघड्या कोर्टवर, दुसऱ्याच मॅचला पोलंडविरुद्ध मांडीच्या आतला स्नायू फाटला. ३x३ मध्ये स्पर्धा सुरू झाल्यावर दुसरा माणूस आणता येत नाही. म्हणजे उरलेल्या पाच मॅच अमेरिका बदली खेळाडूशिवाय खेळली, तीनच जण, दम खायला कोणी बाहेर जाऊच शकत नाही, आणि जिमर साध्या कपड्यात बाजूला बसून ओरडतोय. पहिल्या चार हरले, मग त्या थकलेल्या तिघांनी यजमान फ्रान्सला आणि चीनला हरवलं. एकूण २ जिंकल्या ५ हरल्या. त्या फ्रान्सने पुढे सिल्व्हर नेलं, त्यामुळे ती जिंकलेली मॅच वेळ मिळाला तर शोधून बघाच.

शेवटी फ्लॉप म्हणायचं का?

एनबीएच्या ड्राफ्टमधला १० वा नंबर म्हणून बघितलं तर हो, करिअरचं ॲव्हरेज मॅचमागे ६ पॉइंटच्या आसपास, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण मला हा प्रश्नच जरा चुकीचा वाटतो. स्टेफन मार्बरी एनबीएत ऑल-स्टार होता आणि तरी त्याचा पुतळा उभा राहिला तो बीजिंगमध्ये, तिथल्या टीमला तीन टायटल जिंकून दिल्याबद्दल. शांघायला जिमरचा पुतळा नाही, टायटलही नाही. पण माणूस तोच, हात तोच, बीवायूला जो शॉट मारायचा तोच शांघायला मारला, तोच मधली पाच वर्षं बेंचवर बसून मारता आला नाही. भाऊ लोकांनो, क्लेशी तुलना करायची तर खुशाल करा, पण क्लेला पास देणारा कोण होता (स्टेफ करी) तेही बघा.

आता काय करतो?

एप्रिल २०२५ मध्ये रिटायरमेंट जाहीर केली. त्यानंतर अमेरिकेच्या पुरुष ३x३ टीमचा कारभार बघण्याची जबाबदारी यूएसए बास्केटबॉलने त्याच्याकडेच दिली. २०२८ चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आहे, म्हणजे आता चार पोरं तो निवडायला लागणार. कोपऱ्यात कोणाला उभं करतो ते बघू.